पोपट, पिंप आणि पोरांचा तुरुंग

जर्मनीतलं सगळ्यात जुनं विद्यापीठ हायडेलबर्गमध्ये आहे, १३८६ सालचं. शहराची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, आणि त्यात विद्यार्थी तीसेक हजार. म्हणजे रस्त्यात दिसणाऱ्या दर पाच-सहा माणसांमागे एकाच्या पाठीवर कॉलेजची सॅक. पर्यटक इथे बसमधून उतरतात, किल्ला आणि पूल अर्ध्या दिवसात उरकतात आणि पुढच्या गावाला निघतात. हे शहर उलगडतं ते इथे शिकणाऱ्याला. दुपारी लेक्चर, मग मेस, संध्याकाळी नदीकाठचं गवत, रविवारी डोंगर, आणि हे सगळं पायी किंवा सायकलने. म्हणून ही यादी खास त्यांच्यासाठी, ज्यांची बॅग भरून होत आली आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग

सुरुवात इथूनच करा. जुन्या विद्यापीठाच्या मागे, ऑगस्टिनरगासे नावाच्या गल्लीत विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे. पूर्वी विद्यार्थ्यांचे गुन्हे तपासायचा आणि शिक्षा द्यायचा हक्क विद्यापीठाकडेच होता. आज दिसणारा तुरुंग १७७८ ते १९१४ चालू होता. गुन्हे काय? रात्री आरडाओरडा करून लोकांची झोप मोडणं, दारू पिऊन धिंगाणा, रस्त्यावरचे दिवे फोडणं, कुणाची डुकरं मोकळी सोडून देणं, तलवारीचं द्वंद्व. शिक्षा काही दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत. पहिले काही दिवस पाव आणि पाणी, मग बाहेरून जेवण मागवायची मुभा. आणि तासांना बसायला परवानगी! लेक्चर सुटलं की पुन्हा कोठडीत हजर.

भिंती नीट बघा. एक वीत जागा कोरी नाही. मेणबत्तीच्या काजळीने काढलेल्या सावल्या, डोक्यावर आपापल्या विद्यार्थी संघटनेची रंगीत टोपी, बाजूला नाव, तारीख, कशासाठी आत आलो आणि किती दिवसांसाठी. भिंतीपासून छतापर्यंत चेहऱ्यामागे चेहरा. खोल्यांना पोरांनी नावं दिली होती: एक ‘ग्रँड हॉटेल’, एक ‘पॅले रॉयाल’. संडास म्हणजे ‘सिंहासनाची खोली’. एकदा तरी आत जाऊन आल्याशिवाय विद्यार्थीजीवन पुरं होत नाही, अशी त्या काळी भावना होती. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन १८७८ साली इथे मुक्कामाला होता. त्याच्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या पुस्तकात या तुरुंगाचं तपशीलवार वर्णन आहे. किल्ल्याआधी मी कुणालाही इथेच पाठवेन. किल्ल्यात राजे भेटतात, इथे अठरा-वीस वर्षांची पोरं भेटतात.

ताट काट्यावर ठेवा

विद्यार्थ्यांच्या मेसला जर्मनीत सगळीकडे ‘मेन्सा’ म्हणतात. इथली सगळ्यात देखणी मेन्सा नदीकाठच्या मार्स्टॉल या दगडी वास्तूत आहे. सोळाव्या शतकात तिथे शस्त्रागार होतं. आता जाड भिंतींच्या आत लांबलचक टेबलं आहेत आणि बाहेर अंगणात झाडांखाली बाकं. ताट आपल्या हाताने भरायचं, काट्यावर ठेवायचं आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. कोशिंबीर हलकी आणि बटाटा जड, हे गणित पहिल्या आठवड्यात जमतं. शाकाहारी माणसाचीही इथे आबाळ होत नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आधीच माहीत हवी. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य या राज्यात आपल्या मुलांना लागू नाही. हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं आणि तिथे २०१७-१८पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो शुल्क आहे. त्यासमोर छोटासा दिलासा बाटल्यांचा. प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात सरकवली की पावती हातात येते. पार्टीनंतर बाटल्या गोळा करणाऱ्याचा दुसऱ्या दिवशीचा दूध-पाव त्यातून सहज निघतो. आणि रविवारी दुकानं बंद, हे शनिवारीच आठवलेलं बरं.

आरसा धरलेलं माकड

नेकार नदीवरचा जुना पूल १७८८ साली पुरा झाला. त्याच जागेवरचा हा नववा पूल. आधीचा १७८४ च्या पुरात, बर्फाचे मोठाले तुकडे आदळून, वाहून गेला होता. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पुलाच्या कमानी उडवल्या आणि १९४७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं एक माकड बसलंय, हातात आरसा घेऊन. हे माकड १९७९ सालचं, शिल्पकार गेर्नोट रूम्फ. पण पुलावर माकड असायची परंपरा कितीतरी जुनी. समज असा की आरशाला हात लावला तर पैसा येतो, माकडाच्या बोटांना लावला तर हायडेलबर्गला परत येणं होतं, आणि शेजारच्या ब्राँझच्या उंदरांना लावला तर भरपूर मुलंबाळं होतात. कुठल्या भागाला सर्वांत जास्त हात लागलेत ते चकाकीवरून लगेच कळतं. माकडाचं डोकं आतून पोकळ आहे, त्यात आपलं डोकं घालून फोटो काढायला रांग लागते.

दोन लाख लिटरचं पिंप

किल्ल्याच्या तळघरात लाकडी पिंप आहे. १७५१ साली बांधलेलं, सुमारे १३० ओक वृक्षांच्या लाकडाचं, क्षमता दोन लाख लिटरच्या वर. इतकं मोठं कशाला? शेतकरी कर म्हणून द्राक्षाची वाइनच आणून देत आणि ती सगळी यात ओतली जायची. वेगवेगळ्या मळ्यांची, वेगवेगळ्या प्रतीची वाइन एकत्र, तेव्हा चव काय असेल याची कल्पना करा. पिंपाच्या डोक्यावर नाचायला लाकडी मंच आहे, जिना चढून वर जाता येतं. समोर उभा आहे तो पेर्केओ, दरबारातला ठेंगू विदूषक. तो आयुष्यभर वाइन प्यायला आणि एकदा चुकून पाणी प्यायल्यामुळे मेला, अशी आख्यायिका. त्याच्या शेजारच्या घड्याळाची कडी ओढा. काय होतं ते आधी सांगत नाही, फक्त चेहरा जरा लांब ठेवा.

किल्ला स्वतः भग्न आहे. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला आणि १७६४ मध्ये वीज पडून उरलंसुरलं जळालं. आवारातच जर्मन औषधशाळा संग्रहालय आहे. खलबत्ते, बरण्या, वाळवलेली चित्रविचित्र औषधं. फार्मसीच्या मुलांनी चुकवू नये.

खिडकीतून दिसलेली आग

आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नर पेटवलाय. ते बुन्सेन इथलेच प्राध्यापक. १८५० च्या दशकात शहरात गॅसचे दिवे आले, नव्या प्रयोगशाळेत गॅसची नळी आली, आणि बुन्सेन यांनी देसागा नावाच्या यंत्रकारागिराकडून जवळजवळ रंगहीन ज्योतीचा बर्नर करून घेतला. ज्योतीला स्वतःचा रंग नसेल तरच तिच्यात टाकलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. मग भौतिकशास्त्रज्ञ किर्शहॉफ यांच्या साथीने त्यांनी तो प्रकाश लोलकातून पाहिला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या. एका रात्री दूर मानहाइम शहरात आग लागली. दोघांनी खिडकीतून आपलं उपकरण तिकडे रोखलं आणि ज्वाळांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम ओळखलं, असं सांगतात. इतक्या लांबची आग वाचता येते तर सूर्य का नाही, हा पुढचा प्रश्न. याच पद्धतीने १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम सापडलं. मुख्य रस्त्यावर बुन्सेन यांचा पुतळा उभा आहे, समोरच किर्शहॉफ यांनी जिथे काम केलं ती ‘राक्षसाचं घर’ नावाची इमारत.

याच सुमारास, १८६९ मध्ये, सोफिया कोवालेव्हस्काया ही रशियन तरुणी गणित शिकायला इथे आली. मुलींना प्रवेश नव्हता. एकेका प्राध्यापकाला भेटून, परवानग्या मागून ती तासांना बसली. तेव्हाच्या बाडेन राज्याने मुलींसाठी विद्यापीठाचं दार रीतसर उघडलं ते १९०० साली. आज तिथे वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलीला सोफियाचं नाव ठाऊक असायला हवं.

आपले पोपट, त्यांच्या भिंती

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. हायडेलबर्गमध्ये पोपट आहेत. पिंजऱ्यातले नव्हेत, मोकळे. आणि अगदी आपल्या बागेतलेच: हिरवेगार, लाल चोच, लांब शेपटी, नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी. पाळलेले पक्षी कधीतरी निसटले किंवा सोडले गेले आणि १९७०च्या दशकापासून त्यांची वस्ती वाढत गेली. ऱ्हाइन नदीचं हे खोरं जर्मनीतल्या सर्वांत उबदार भागांपैकी. बागांमध्ये कळ्या, बिया आणि फळं मिळतात, त्यामुळे हिवाळा निभावतो. संध्याकाळी थवेच्या थवे कलकलाट करत रातथाऱ्याला येतात. रेल्वे स्टेशनजवळची प्लेन वृक्षांची रांग हा त्यांचा बरीच वर्षं ठरलेला मुक्काम होता.

घरटी कुठे करतात ते तर अफलातून. पोपटाला झाडाची ढोली लागते. जर्मनीत थंडी अडवायला इमारतींच्या बाहेरून थर्माकोलसारख्या फोमचे जाड थर लावतात आणि त्यांवर पातळ गिलावा. पोपटाने चोच मारून पाहिली, वरची साल कडक आणि आत मऊ. झालं! कधी सुतारपक्ष्याने आधीच पाडलेलं भोक वाढवायचं, कधी स्वतः कोरायचं. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या भिंतीत गोल भोक आणि त्यातून डोकावणारी लाल चोच. घरमालक वैतागतात, पक्षीअभ्यासक वह्या घेऊन उभे राहतात. अंड्यांना मात्र इतकी उबदार ढोली जंगलातही मिळाली नसती.

नदीकाठच्या गवतावर आणखी परदेशी पाहुणे चरताना दिसतील. मंगोलिया आणि चीनकडची लांब मानेची स्वान गूज आणि आफ्रिकेतून आलेली इजिप्शियन गूज. या हिरवळीचं नाव नेकारवीजे. उन्हाळ्यात अख्खं विद्यापीठ इथे लोळत असतं: व्हॉलीबॉल, गिटार, परीक्षेच्या नोट्स, ठरवून दिलेल्या जागी शेगड्या. चटई टाकण्याआधी खाली बघा, या पाहुण्यांनी प्रसाद ठेवलेला असतो.

लिंबू, डाळिंब आणि चढ

जुना पूल ओलांडून समोरच्या काठावर गेलात की दोन दगडी भिंतींच्या मधून नागमोडी पायऱ्यांची वाट वर चढते. दहा-पंधरा मिनिटं दम लागतो आणि तुम्ही तत्त्वज्ञांच्या वाटेवर येता, फिलोझोफेनवेग. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे दिवसभर ऊन आणि मागच्या डोंगरामुळे उत्तरेचा वारा अडलेला. म्हणून इथे अंजीर, डाळिंब, लिंबू, अगदी ताडाच्या जातीची झाडंही उघड्यावर वाढतात. वसंत ऋतू इथे गावाच्या आधी पोहोचतो. किल्ला, पूल आणि नदी एका नजरेत मावणारी जागाही हीच. उन्हाळ्याच्या रात्री नेकारच्या दरीतून गार वारा शहरात उतरतो. खोलीत पंखा नसलेल्या विद्यार्थ्याने खिडकी त्या बाजूची मागून घ्यावी.

याच डोंगरावर आणखी वर, हायलिगेनबर्गच्या माथ्याकडे, केल्ट लोकांच्या तटबंदीच्या खुणा आहेत, मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत आणि एक प्रचंड उघडं नाट्यगृहही. ते रोमन वाटेल, पण तसं नाही. नाझींनी १९३४-३५ मध्ये ते बांधलं आणि उद्घाटनाला गोबेल्स आला होता. पुढे कित्येक वर्षं तीस एप्रिलच्या रात्री हजारो तरुण मशाली घेऊन तिथे वसंताचं स्वागत करत. आगीच्या आणि अपघातांच्या धोक्यामुळे शहराने ते थांबवलं. दिवसा अवश्य जा. पायऱ्यांवर शांतपणे बसा आणि ही जागा कशासाठी बांधली होती ते तिथला फलक वाचून समजून घ्या. फोटोपुरती बघायची ही जागा नाही.

लाकडी डब्याची रेल्वे, आकाशगंगेची इमारत

गावाच्या बाजूचा डोंगर कोनिगश्टूल, उंची ५६७ मीटर. वर जायला तारेने ओढली जाणारी रेल्वे आहे. खालचा टप्पा १८९०चा, वरचा १९०७चा, आणि वरच्या टप्प्यावर आजही जुने लाकडी डबे धावतात. पैसे वाचवायचे असतील तर किल्ल्याजवळून ‘स्वर्गाची शिडी’ सुरू होते. जंगलातून सरळ वर जाणाऱ्या लाल दगडाच्या सुमारे १२०० ओबडधोबड पायऱ्या. पावसाळी दिवशी नको, पाय घसरतो.

माथ्यावर १८९८ ची वेधशाळा आहे. इथले मॅक्स वोल्फ फोटोच्या काचेवर आकाश टिपून लघुग्रह शोधणारे पहिले. तारा ठिपका म्हणून उमटतो, लघुग्रह सरकत असतो म्हणून रेघ. अशा रेघा शोधत त्यांनी दोनशेहून जास्त लघुग्रह हुडकले, आणि १८९२ च्या एकाचं नाव ठेवलं ‘हायडेलबर्गा’. शेजारी २०११ मध्ये उघडलेलं खगोलभवन आहे. ती इमारतच सर्पिल दीर्घिकेच्या आकाराची, आत भिंती वळत वळत जातात.

आपल्याकडून तिकडे, तिकडून आपल्याकडे

‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारे इक्बाल १९०७ साली हायडेलबर्गला जर्मन शिकत होते. नेकारकाठच्या एका संध्याकाळवर त्यांची कविता आहे आणि नदीकाठच्या एका भागाला त्यांचं नाव दिलंय.

मराठी माणसाने मात्र आणखी एक नाव लक्षात ठेवावं: गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२). विद्यापीठातल्या १९६२ साली स्थापन झालेल्या दक्षिण आशिया संस्थेतले हे प्राध्यापक. हिंदू कायद्याचा अभ्यास करता करता ते महाराष्ट्रात आले आणि धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर रमले. ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, जेजुरीच्या वाऱ्या केल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर १९७६ साली जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. त्याची इंग्रजी आवृत्ती १९८९ मध्ये आली. आपल्या माळरानावरचा देव समजून घ्यायला जगभरचे अभ्यासक आजही त्यांच्या लिखाणापाशी येतात. या संस्थेच्या ग्रंथालयात मराठी मुलांनी एक तरी दुपार घालवावी, शाखा कुठलीही असो.

आणि छपाईयंत्र! पुण्या-मुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत कुठल्याही जुन्या मुद्रकाला ‘हायडेलबर्ग’ म्हणा, तो गावाचं नाही, मशीनचं कौतुक सुरू करेल. ही कंपनी १८९६ मध्ये इथे आली. तिच्या १९१४ च्या ट्रेडल यंत्राला जगभर ‘पवनचक्की’ म्हणतात. त्याचे दोन हात गरगर फिरतात, एक कोरा कागद उचलून टाइपापाशी नेतो तेव्हा दुसरा छापलेला बाहेर ठेवत असतो. आपल्याकडे पत्रिकांच्या छापखान्यांत नंबर टाकायला आणि डाय-कटिंगला ही यंत्रं अजूनही कामं करतात. हायडेलबर्ग स्टेशनच्या बाहेर आलात की तेराएक मीटर उंच धातूचा घोडा दिसेल, छपाईयंत्रांना केलेला सलाम.

सायकल काढा

दक्षिणेला मावर नावाच्या गावी वाळूच्या खाणीत १९०७ साली एका कामगाराला जबडा सापडला. तो सहा लाख वर्षं जुन्या मानवाचा निघाला. शास्त्रीय नाव होमो हायडेलबर्गेन्सिस, गाव मावर असलं तरी! आणखी एक फेरी वीसलोखची. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून घेऊन निघाली. हायडेलबर्ग मागे पडलं आणि वीसलोखला इंधन संपत आलं. तिने औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण विकत घेऊन टाकीत ओतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

तारखा लिहून ठेवा

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी जुन्या गावात ‘हायडेलबर्गर हेर्ब्स्ट’ हा शरदोत्सव, गल्लोगल्ली संगीत आणि जुना बाजार. चॉकलेटची आवड असेल तर क्नोझेल कॅफेचा ‘विद्यार्थ्याचं चुंबन’ हा पदार्थ कुठल्याही दिवशी चालतो. पूर्वी मुलींच्या शाळेतल्या तरुणी देखरेखीखालीच कॅफेत येत. बोलायची सोय नाही, म्हणून मुलं हे चॉकलेट पुढे करत.

पण वर्षातला मोठा दिवस एकच, आणि तो तीनदा येतो. जून, जुलै आणि सप्टेंबरमधल्या एकेका शनिवारी रात्री किल्ल्यावर लाल प्रकाश सोडतात, जणू तो पुन्हा जळतोय. ही १६८९ आणि १६९३ ची आठवण. मग जुन्या पुलावरून आतषबाजी, जिची परंपरा १६१३ सालापर्यंत मागे नेतात. तेव्हा इथला राज्यकर्ता फ्रीडरिष पाचवा इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिला लग्न करून घरी घेऊन आला होता. बघायला तिकीट लागत नाही. उत्तरेच्या काठावर, नेकारवीजेच्या बाजूला, दिवस मावळायच्या आत जागा धरा. सोबत स्वेटर आणि खाऊचा डबा असू द्या, आणि घरी जायला ट्रामची वाट न बघता चालत निघा, कारण त्या रात्री अख्खं गाव रस्त्यावर असतं. जूनची चुकली तर जुलै, जुलैची चुकली तर सप्टेंबर.